काजूचा तुकडा आणि माशाचा काटा : फिशबोन काढूनही फरक का पडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कुडाळजवळ तुमचं काजू प्रोसेसिंगचं युनिट आहे, पंचवीसेक बायका कामाला आहेत, पाकळी (दोन भाग झालेला गर) आणि तुकडा जरा जास्तच निघायला लागलाय म्हणून एका ट्रेनिंगनंतर तुम्ही, मॅनेजर आणि तो ट्रेनर असे तिघं ऑफिसात बसलात, फिशबोन डायग्राम काढलात (माशाच्या सांगाड्यासारखं चित्र, डोक्यात अडचण आणि एकेका काट्यावर तिचं एकेक संभाव्य कारण), चाळीस-बेचाळीस कारणं निघाली, प्रिंट मारून भिंतीवर लावली आणि चार महिने झाले तरी तुकडा होता तिथेच आहे. आता तुम्ही सोलायचं नवीन मशीन घ्यायच्या विचारात आहात आणि विचारताय की हा काटा-बिटा खरंच कामाचा असतो की फक्त ऑडिटवाल्याला दाखवायला असतो.

कामाचा असतो. मी सत्तावीस वर्षं क्वालिटीत काढली, सुरुवात रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीत एका मशीन शॉपमधे, मग लोट्याला, आणि गेली बरीच वर्षं सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत काजू, कॅनिंग असल्या छोट्या युनिटना जाऊन मदत करतो. एवढ्या वर्षांत हा डायग्राम भिंतीवर शंभर ठिकाणी बघितला असेल, पण त्यावर काट मारलेली, पेनाने गिरवलेली, तेलाचे डाग पडलेली कारणं फार थोड्या ठिकाणी दिसली. तुमचा प्रिंट स्वच्छ आहे ना अजून? तिथेच गडबड आहे. तो कागद म्हणजे संशयितांची यादी आहे, त्यातला एकही संशय तुम्ही खाली शेडमधे जाऊन तपासलेला नाही, मग तुकडा कमी होणार कसा.

पण त्याच्याही आधीची चूक माशाच्या डोक्यात आहे. तुम्ही डोक्यात लिहिलंय “काजूचा तुकडा जास्त”. ही तक्रार झाली. तक्रारीला कारणं विचारली की माणूस मनात येईल ते सगळं सांगतो, बी खराब, बायका नवीन, मशीन जुनं, पाऊस जास्त, आणि यातलं काहीच खोटं नसतं त्यामुळे काहीच खोडता येत नाही. डोक्यात तक्रार नको, फरक लिहायचा. कुठे जास्त आणि कुठे कमी, कधी जास्त आणि कधी कमी, कोणत्या टेबलावर, कोणत्या लॉटमधे. एकदा फरक लिहिला की प्रत्येक काट्याला एकच प्रश्न विचारता येतो, की बाबा, जिथे तुकडा जास्त आणि जिथे कमी या दोन ठिकाणी तू वेगळा आहेस का? नसशील तर बाजूला हो.

हे माझ्या पदरचं नाही. ज्यांनी हा डायग्राम पुढे आणला ते काओरू इशिकावा तोक्यो युनिव्हर्सिटीचे इंजिनियर, १९४३ मधे कावासाकीच्या स्टील कारखान्यातल्या लोकांना समजावताना त्यांनी हे चित्र वापरलं, आणि पुढे १९६२ पासून जपानमधे जी क्वालिटी सर्कल, म्हणजे कामावरच्या अडचणी सोडवणारे कामगारांचे छोटे गट, सुरू झाली त्यात ते साध्या कामगारांच्या हातात गेलं. त्यांचा मूळ भर माल खराब का आहे यापेक्षा माल एकसारखा का येत नाही, तो बदलतो का, यावर होता. आपल्याकडे ट्रेनिंगमधे माणूस, मशीन, मटेरियल, मेथड ही चार नावं पाठ करून घेतात आणि हा मुद्दा राहून जातो.

आता एक खरी गोष्ट सांगतो, काजूचीच आहे आणि तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. वेंगुर्ला तालुक्यातलं युनिट, नाव नको. जुलै महिना, धो धो पाऊस, मालक वैतागलेला. त्याच्याही भिंतीवर असाच मासा होता आणि त्याने मनात धरलं होतं की नवीन घेतलेल्या सहा बायकांमुळे तुकडा वाढलाय. मी म्हटलं, आधी मला हे सांगा की तुकडा होतो कुठे. त्याला सांगता येईना. कारण तो मोजायचा शेवटी ग्रेडिंगला, जिथे सगळा तुकडा एकत्र झालेला असतो. आता गर मोडतो दोन ठिकाणी, एक कटिंगला जिथे टरफल कापतात आणि दुसरं सोलणीला जिथे तांबडी साल काढतात, आणि या दोन्हीची कारणं एकमेकांशी काहीही संबंध नसलेली असतात. कटिंगचा तुकडा बघायचा तर ब्लेडमधली गॅप, बीची साईझ, वाफ किती दिली, वाफेनंतर बी किती तास थंड केली हे बघायचं. सोलणीचा तुकडा बघायचा तर ड्रायर आणि गरातली ओल बघायची. दोन्ही एका माशात कोंबलं की तो मासा पेडव्यासारखा होतो, काटेच काटे.

म्हणून सहा दिवस काहीच सुधारायचं नाही, फक्त वजन करायचं असं ठरवलं. कटिंगनंतर ड्रायरमधे घालायच्या आधी फुटका गर वेगळा काढून वजन, आणि सोलणीनंतर प्रत्येक टेबलाचं वेगळं वजन, सकाळी अकरापर्यंतचं, जेवणापर्यंतचं आणि त्यानंतरचं असं तीन वेळा. साधी शाळेची दोनशे पानी वही, वर वेळ, टेबल, लॉट आणि वजन. मालकाला हे सहा दिवस फार जड गेले कारण त्याला वाटत होतं की आपण नुसते मोजत बसलोय. पण सहाव्या दिवशी वही उघडली तर कटिंगचा तुकडा दिवसभर जवळजवळ सारखाच होता आणि सोलणीचा तुकडा सकाळी भरपूर, जेवणानंतर बराच कमी. रोज. जुन्या बायकांच्या टेबलावर पण तसंच आणि नवीन बायकांच्या टेबलावर पण तसंच.

मग नवीन कागद घेतला आणि डोक्यात लिहिलं “सोलणीत सकाळचा तुकडा दुपारपेक्षा जास्त”. आणि जुन्या माशातला एकेक काटा त्याच्यापुढे उभा केला. नवीन बायका? त्याच बायका सकाळी आणि त्याच दुपारी, काट. बी जुनी, ओलसर? दिवसभर एकच लॉट, काट. सुऱ्या बोथट? सुऱ्यांना धार संध्याकाळी लावतात म्हणजे सकाळी त्या जास्त धारदार असतात, उलटंच व्हायला हवं होतं, काट. वाफेचं प्रेशर? ते दोन दिवसांपूर्वीचं काम, सकाळच्या आणि दुपारच्या गराला सारखंच मिळालेलं, काट. अर्ध्या तासात त्या माशातले पस्तीस काटे गेले आणि कुणाचं भांडण झालं नाही, कारण मालकाचं बरोबर की मॅनेजरचं हा प्रश्नच राहिला नाही, वहीत जे होतं ते होतं.

उरले त्यात दोन वजनदार. एक म्हणजे उजेड, पावसाळ्यात सकाळी शेडमधे अंधारून येतं आणि बायकांना सालीची फट नीट दिसत नाही. दुसरं मालक, मॅनेजर आणि मी, तिघांनाही सुचलं नव्हतं, ते सोलणीच्या टेबलावरच्या एका काकीने सांगितलं, वीस वर्षं गर सोलणारी बाई. ती म्हणाली, “सकाळचो गर कडक आसता, हातात घेतल्यार मोडता. दुपारचो तसो नाय.” मी विचारलं, काकी, हे कधीपासून? म्हणाली, कायमचाच, पण कोणी इचारल्यान नाय.

बघितलं तर ड्रायर रात्री दहाला बंद करायचे पण ट्रॉल्या आतच, दार लावलेलं, सकाळी आठला दार उघडून ट्रॉली थेट टेबलावर. बंद ड्रायरच्या आत उष्णता राहते आणि गर सुकतच राहतो. ड्रायरमधून निघालेल्या गरात ओल तीन टक्क्यांच्या आसपास गेली की तो काचेसारखा होतो, बोटाने दाबला तरी पाकळी होते. तोच गर थोडा वेळ हवेत राहिला की जरा ओल घेतो, लवचिक होतो, आणि साल पण सुटते. दुपारी टेबलावर येणाऱ्या ट्रॉल्या आधी काही तास बाहेर उभ्या असायच्या, त्यामुळे तो गर आपोआप तयार झालेला असायचा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर हे फार लवकर होतं. आणि जास्त वेळ ठेवला तर उलटं होतं, साल चिकटते, बायका सुरीने खरवडतात आणि गराला ओरखडे पडतात. म्हणजे सोलायला एक ठराविक वेळेची खिडकी आहे, तिच्या आधी तुकडा, तिच्यानंतर ओरखडा.

इथे सगळे थांबतात, कारण सापडलं म्हणून पेढे वाटतात. थांबायचं नाही. कारण अजून तो संशयच आहे, फक्त चांगला संशय आहे. उजेडाचं काय? म्हणून आधी दोन दिवस सकाळी सगळ्या ट्यूब लावून आणि दोन जास्तीचे बल्ब टांगून वजनं घेतली, फरक नाही. मग एकच ट्रॉली घेतली, सकाळी आठला पाच किलो गर लगेच सोलायला दिला आणि त्याच ट्रॉलीतला पाच किलो दोन तास उघडा ठेवून त्याच बायकांना दिला. दुसऱ्या पाच किलोत तुकडा जवळजवळ निम्म्यावर आला. तीन दिवस हेच केलं, तीनही दिवस तसंच. मग वॉचमनला सांगितलं की सकाळी सहाला ड्रायरचं दार उघडून ट्रॉल्या बाहेर काढायच्या, ट्रॉलीच्या पट्टीवर खडूने वेळ लिहायची, आणि दोन तासांच्या आत ती ट्रॉली टेबलावर घ्यायची नाही, चार तासांच्या वर ठेवायची नाही. खर्च किती, तर एक खडूचा डबा.

आणि त्यानंतर मी मालकाकडून एक गोष्ट करून घेतली जी त्याला अजिबात आवडली नाही. दोन दिवस परत जुनी पद्धत. दार बंद, आठला थेट टेबलावर. तुकडा परत वर आला. तेव्हा कुठे मी त्या काट्याभोवती गोल काढला. बदल केल्यावर दोष जातो आणि बदल मागे घेतल्यावर दोष परत येतो, या दोन्ही गोष्टी बघितल्याशिवाय मी कारणाला कारण म्हणत नाही, कारण आपल्या धंद्यात त्याच आठवड्यात लॉट बदलतो, ऊन पडतं, गणपतीला गेलेल्या बायका परत येतात आणि आपण समजतो की आपल्या उपायाने झालं.

हे तुमच्याकडे असंच असेल असं नाही, तुमचा तुकडा कटिंगचा पण असू शकतो. तुमच्या भागात वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या सुधारित जातींची मोठी बी आणि गावठी बारीक बी एकाच पोत्यात येते, साईझिंग नीट झालं नसेल तर मोठ्या बीला लावलेल्या गॅपमधे बारीक बी नीट कापलीच जात नाही आणि बारकीला लावलेल्या गॅपमधे मोठीचा गर कापला जातो. वाफवलेली बी पुरती थंड न होता कटिंगला घेतली तरी गर मऊ असतो आणि ब्लेड आत शिरतं. त्यामुळे आधी वही, मग मासा.

आता मासा कसा काढायचा यात माझं एक स्पष्ट मत आहे. काजूसारख्या लांबलचक प्रोसेसला माणूस-मशीन-मटेरियल-मेथड हे चार काटे मी वापरतच नाही. ते मशीन शॉपमधे चांगले, जिथे एका मशीनवर एक भोक पाडताय आणि ते भोक कधी मोठं कधी लहान येतंय. इथे मी मोठे काटे म्हणून कामाच्या पायऱ्याच घेतो, बी वाळवणं, साईझिंग, वाफ, थंड करणं, कटिंग, ड्रायर, ट्रॉली बाहेर ठेवणं, सोलणी, ग्रेडिंग, पॅकिंग, माल जसा पुढे सरकतो तसे. ही पद्धत पण इशिकावांच्याच प्रकारांपैकी आहे. फायदा असा की कामगार बाईला मेथड म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही, ती आपल्या पायरीवर बोट ठेवते आणि बोलते. आणि दोन पायऱ्यांच्या मधला वेळ, जो कुणाच्याच खात्यात नसतो, तो दिसतो. वरच्या गोष्टीत कारण तिथेच लपलं होतं, ड्रायर आणि सोलणी यांच्या मधे.

काट्यावर काय लिहायचं याचीही शिस्त हवी. तुमच्या यादीत मला “निष्काळजीपणा” दोनदा, “ट्रेनिंग नाही” तीनदा आणि “आधुनिक मशीन नाही” एकदा दिसलं. निष्काळजीपणा मोजता येत नाही, त्यामुळे तपासता येत नाही. आणि “मशीन नाही” हे कारण नव्हेच, तो तुमच्या मनात आधीच ठरलेला उपाय आहे, कारणाचा सदरा घालून आलेला. काट्यावर असं लिहा की उद्या सकाळी कुणीतरी घड्याळ, वजनकाटा किंवा थर्मामीटर घेऊन जाऊन हो की नाही सांगू शकेल. “ड्रायर जास्त तापतो” असं नको, “वरच्या ट्रेचं आणि खालच्या ट्रेचं तापमान वेगळं” असं लिहा. “घाई करतात” असं नको, त्याऐवजी “किलोवर मजुरी आहे आणि तुकड्याचं वजन पण त्यातच धरलं जातं” असं लिहा, जर खरंच तसं असेल तर. हे शेवटचं वाक्य मालकाला टोचतं, मला माहितीय, पण मग बाईला दोष देताना आपण तिला पैसे कशाचे देतोय हे बघायला नको का? काट्यावर माणसाचं नाव तर कधीच लिहायचं नाही. एकदा का सुनीताचं की मंदाचं नाव त्या कागदावर आलं की पुढच्या वेळी कुणीही तोंड उघडणार नाही आणि तुमच्याकडचं सगळ्यात मोलाचं ज्ञान टेबलावरच राहील.

म्हणूनच ऑफिसात बसून काढू नका. सोलणीच्या टेबलाजवळ, चहा झाल्यावर, मोठा ब्राऊन पेपर भिंतीला चिकटवा आणि स्केच पेन सुपरवायझर बाईच्या हातात द्या, मालकाच्या नको. तुम्ही मागे उभे रहा आणि पहिला अर्धा तास एक शब्द बोलू नका, हे तुम्हाला सगळ्यात कठीण जाईल. मालवणीत बोलतील तसं मालवणीतच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. बॉयलरवाला, वॉचमन, ट्रॉली ढकलणारा पोरगा हे पण तिथे हवेत, कारण रात्री काय होतं ते त्यांनाच माहीत.

मोजण्याची साधनं आधी तपासा, हे वेगळं सांगायला हवं कारण यात एक अख्खा सीझन वाया गेलेला मी स्वतः बघितलाय. रत्नागिरीकडच्या एका कॅनिंगमधे हापूसच्या पल्पचं ब्रिक्स, म्हणजे त्यातला गोडवा मोजायचा आकडा, खालीवर व्हायचा. गिऱ्हाईक साधारण सोळाच्या वर मागतं, इथे एका बॅचला साडेसोळा, दुसरीला पंधरा. मासा काढला तर सगळे काटे आंब्याकडे, बाग कुठली, अढी नीट लागली का, साका (आतला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) होता का. शेवटी कळलं की लॅबमधला पोरगा घाईच्या वेळी पल्प गरम असतानाच रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या मीटरवर, घालायचा. ते साधं हातातलं मीटर वीस डिग्रीला लावलेलं असतं, तापमानाची भरपाई स्वतः करत नाही, चाळीस डिग्रीला ते जवळजवळ दीड ब्रिक्स कमी दाखवतं. आंब्यांचा काही दोष नव्हता. तुमच्याकडे ओल मोजायचं मीटर आहे का, असेल तर एकच गर नीट मिसळून त्याचे पाच नमुने लावा आणि पाच आकडे किती जवळ येतात बघा. ते आकडेच एकमेकांपासून लांब गेले तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी मीटर दुरुस्त करा. वजनकाट्यालाही तोच नियम.

पाच वेळा “का” विचारायची पद्धत तुम्ही विचारलीय, ती याच्या जागी चालेल का. एकटी नाही. ती एका रेषेत खाली जाते, पहिलंच उत्तर चुकलं तर पाचही चुकतात. मासा रुंद असतो, तो आधी काढा, फरकाच्या प्रश्नाने बारीक करा, आणि जे दोन-तीन काटे उरतील त्यांच्यावर का, का विचारत खाली जा.

आता तुम्ही काय करा. या आठवड्यात भिंतीवरचा प्रिंट तसाच ठेवा, वही सुरू करा, सहा कामाचे दिवस, कटिंगनंतर एकदा आणि सोलणीनंतर टेबलवार तीनदा वजन. कुणाला ओरडायचं नाही, काही बदलायचं नाही, कारण त्या सहा दिवसांत काही बदललंत तर वहीचा उपयोग संपला. मग वहीतून सगळ्यात ठसठशीत फरक उचला, तोच डोक्यात, आणि खाली शेडमधे नवीन मासा. तपासलेल्या काट्यावर तारीख आणि काय आकडा आला ते तिथेच पेनाने लिहा, काट मारलेला काटा पण पुसू नका, कारण पुढच्या मे महिन्यात कुणीतरी परत तेच कारण घेऊन येणार आहे. पावसाळा संपला की परत एक आठवडा वजनं घ्या, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत तुमची सोलायची वेळ बदलणार, जुलैचे दोन तास तेव्हा पुरणार नाहीत बहुतेक.

आणि त्या नवीन मशीनचं म्हणाल तर मशीन वाईट नसतं, पण काचेसारखा कडक गर मशीनमधे पण मोडतोच आणि बाईच्या हातापेक्षा जास्त मोडतो. डिपॉझिट द्यायच्या आधी त्यांच्याकडे डेमोला जाताना तुमच्याच ड्रायरमधला गर न्या, घट्ट बंद केलेल्या पिशव्यांत. अर्ध्या पिशव्या तिथे उघडून लगेच मशीनला लावायला सांगा, अर्ध्या दोन तास ताटात पसरून ठेवा आणि मग लावा, दोन्हीचा तुकडा तुमच्यासमोर त्यांच्याच काट्यावर तोलून घ्या आणि वहीत लिहून या.